आकाशातली शेजपाळी

कळसच्या माळावर उन्हं वर आली की आधी आवाज येतो, मग विमान दिसतं. दोन माणसांपुरतं लहानसं विमान, पंख वरच्या अंगाला, चाकं कायम खाली. मेंढरं मान वर करत नाहीत. रानात खुरपणाऱ्या बायाही हातातलं काम थांबवत नाहीत. कळस, कडबनवाडी, रुई या इंदापूर तालुक्यातल्या पट्ट्याला हा आवाज अंगवळणी पडला आहे. पलीकडे बारामतीचा विमानतळ आहे आणि तिथं वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. शिकाऊ पोरापोरींचा उडण्याचा सराव या माळांवरून, गवताळ रानांवरून, चिंकारा आणि लांडग्यांच्या मुलखावरून चालतो.

इथली माणसं विमानाकडे बघतात ती आवाज बदलला तर. २५ जुलै २०२२ ला सकाळी असंच झालं. कडबनवाडीच्या शिवारात एक सेसना १५२ शेतात येऊन पडलं. आत २२ वर्षांची शिकाऊ वैमानिक एकटीच होती. वस्तीवरची माणसं हातातलं टाकून धावली आणि तिला बाहेर काढलं. जखमा किरकोळ होत्या, जीव वाचला. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदापूर तालुक्यातच एक प्रशिक्षण विमान पडलं होतं. नंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती तालुक्यात चार दिवसांत दोन विमानं कोसळली, १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ. दोन्ही एकाच संस्थेची होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, त्या संस्थेच्या पाचही तळांवरचं प्रशिक्षण थांबवलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे अपघात विमानतळावर नियंत्रण मनोरा नसल्यामुळे झाले, असं माझं म्हणणं नाही. इंजिनानं दगा दिला तर मनोऱ्यातला माणूस ते चालू करून देऊ शकत नाही. पण या अपघातांमुळे माझं लक्ष एका रिकाम्या खुर्चीकडे गेलं. या आकाशात रोज इतकी विमानं फिरतात, त्यांना पाळी कोण लावून देतं? आणि पाळी लावणाऱ्याचा पगार कोण देतं?

पाटकऱ्याचं काम

पाळी हा शब्द मी मुद्दाम वापरला. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. निरा डावा कालवा इथं १८८५ पासून वाहतो आहे. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी शेजपाळीनं मिळतं. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाणीपट्टी भरायची आणि आपल्या दिवसाची, आपल्या तासाची वाट बघायची. दार कोणी किती वेळ उघडायचं हे पाटकरी ठरवतो. पाणी त्याच्या मालकीचं नसतं, रानही त्याचं नसतं. पण तो हजर नसेल तर काय होतं ते चाऱ्यांवर फिरणाऱ्या कुणालाही विचारावं. पाणी मुबलक असतं तेव्हा शेजारी शेजाऱ्याला समजून घेतो. उन्हाळी आवर्तनात रात्री दोन वाजता एकाच चारीवर दोन दारं उघडी सापडतात.

हवाई वाहतूक नियंत्रक हा आकाशातला पाटकरी. धावपट्टी एक असते आणि तिच्यावर येणारे अनेक. कुणाला आधी उतरवायचं, कुणाला थांबवायचं, दोन विमानांमध्ये किती अंतर आणि किती उंची ठेवायची, हे तो ठरवतो. विमानाचा आवाज बंद झाला, ते दिसेनासं झालं, ठरल्या वेळी पोचलं नाही, तर शोध आणि बचाव यंत्रणेला पहिली खबर देणं हेही त्याचंच काम. या शेवटच्या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शेतात पडलेल्या शिकाऊ विमानाला मात्र त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते.

त्याची हत्यारं साधी वाटतात. रेडिओ, रडारचा पडदा, दुर्बीण, आणि समोर उभ्या रचलेल्या अरुंद पट्ट्या. एक पट्टी म्हणजे एक विमान. तिच्यावर विमानाचं नाव, उंची, वेळ, दिशा. विमान पुढं सरकलं की पट्टी सरकते, ते उतरलं की पट्टी निघते. मोठ्या मनोऱ्यांमध्ये या पट्ट्या आता पडद्यावर आल्या आहेत. हिशोब मात्र शेवटी डोक्यातच ठेवावा लागतो. पुढच्या तीन मिनिटांत हे विमान कुठं असेल आणि ते कुठं, याचं चित्र नियंत्रक सतत मनात फिरवत असतो. कामाच्या भाषेत त्याला ‘पिक्चर’ म्हणतात. थकलेल्या माणसाचं पिक्चर क्षणभर निसटतं. म्हणूनच सलग दोन तासांहून जास्त कुणी बसू नये आणि मग अर्धा तास तरी उठावं, असा या धंद्यातला रूढ दंडक आहे.

मनोऱ्याविना धावपट्टी

बारामतीचा विमानतळ आहे गोजुबावी-कटफळच्या शिवारात, औद्योगिक वसाहतीच्या अंगाला. २००९ मध्ये राज्य सरकारनं नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ यांच्याबरोबर हाही विमानतळ दीर्घ भाडेपट्ट्यानं खासगी कंपनीकडे सोपवला होता. नियमित प्रवासी विमान इथं येत नाही. येतात ती नेत्यांची, उद्योगपतींची छोटी जेट विमानं. बाकी दिवसभर शिकाऊ विमानांचीच वर्दळ.

विमानशास्त्राच्या भाषेत ही अनियंत्रित धावपट्टी. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक इथं नाहीत. रेडिओवर वाऱ्याची आणि वाहतुकीची माहिती देतात ती प्रशिक्षण संस्थांचीच माणसं. बाकी भरवसा शिस्तीवर. धावपट्टीभोवती एक अदृश्य चौकोन असतो. उड्डाण केलं की वळायचं, धावपट्टीला समांतर उलट्या दिशेनं यायचं, पुन्हा वळायचं आणि समोरून उतरायचं. प्रत्येक बाजूला पोचल्यावर वैमानिकानं रेडिओवर सांगायचं, ‘डाउनविंड’, ‘बेस’, ‘फायनल’. ऐकणाऱ्यानं त्यावरून आपला अंदाज बांधायचा. जगात अशा हजारो धावपट्ट्या आहेत आणि ही पद्धत वाईट नाही. दिवसाकाठी चार विमानं असतील तर ती पुरेशी आहे.

इथं मात्र चारची गोष्ट नाही. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा तर किमान २०० तास उडावं लागतं. २०२३ मध्ये डीजीसीएनं असे १,६२२ परवाने दिले, तोवरचा तो विक्रम होता. त्यांतले काही परदेशात शिकून आलेले, पण देशातल्या प्रशिक्षण तळांवरची गर्दी वाढते आहे हे उघड आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभी करते आहे. या सगळ्या तासांतला मोठा वाटा एकाच चौकोनात घिरट्या घालण्यात जातो. उतरायचं, टेकायचं, पुन्हा उडायचं. नवशिक्याच्या हातात विमान, त्याच चौकोनात आणखी दोन-तीन नवशिके, आणि अचानक वेगानं येणारं जेट. जेट आणि सेसना यांच्या वेगात बैलगाडी आणि एसटीएवढा फरक असतो. सगळ्यात जास्त चुका जिथं होणार, कारण माणूस शिकतोच चुकत चुकत, तिथंच चूक वेळेत बघणारा तटस्थ डोळा नाही.

मुंबईच्या पडद्यासमोर

मग नियंत्रक आहेत तिथं तरी सगळं आलबेल आहे का? पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, त्यामुळे तिथं प्रवासी विमानांनाही हवाई दलाचेच नियंत्रक पाळी लावतात. देशातल्या बहुतेक नागरी आकाशाची जबाबदारी विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. १ एप्रिल १९९५ ला दोन जुनी प्राधिकरणं एकत्र करून ते स्थापन झालं. जमिनीवरचं आणि समुद्रावरचं मिळून सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचं आकाश त्याच्या हाती आहे.

त्यातला सगळ्यात तापलेला तवा मुंबईचा. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत १,००७ विमानं चढली-उतरली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण चोवीस तासांना त्या आकड्यानं भागा. दीड मिनिटाच्या आतच एक विमान येतं, आणि प्रत्येकाला एका माणसाचा आवाज लागतो.

८ जून २०२४ ला याच मुंबईत इंदूरहून आलेलं एक विमान २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर टेकलं, तेव्हा तिरुअनंतपुरमला निघालेलं दुसरं विमान त्याच पट्टीवरून नुकतंच उड्डाण घेत होतं. खिडकीतून टिपलेली ती चित्रफीत देशानं पाहिली. कुणाला इजा झाली नाही. नियंत्रकाला कामावरून दूर केलं गेलं आणि चौकशी सुरू झाली. व्यक्तीची जबाबदारी ठरवायलाच हवी. पण तेवढ्यावर थांबलो तर पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. त्या खुर्चीवर आठवड्यात किती रात्री, किती तास, किती माणसं बसतात?

संसदेच्या परिवहन, पर्यटन आणि संस्कृती स्थायी समितीनं ऑगस्ट २०२५ मध्ये मांडलेल्या अहवालात या प्रश्नाला थेट हात घातला आहे. अहमदाबादच्या १२ जूनच्या भीषण विमान अपघातानंतर देश जागा झालेला असताना हा अहवाल आला. नियंत्रकांची टंचाई, थकवा, कामाच्या तासांच्या मर्यादेतून घेतलेल्या सवलती, जुनाट झालेली स्वयंचलित यंत्रणा, सगळं त्यात आहे. नियम करायचा, माणसं पुरत नाहीत म्हणून त्यातून सूट मागायची आणि सूट द्यायची, हा प्रकार समितीला खटकला. ज्या डीजीसीएनं नजर ठेवायची, तिथं १,०६३ मंजूर पदांपैकी तेव्हा भरलेली पदं ५५३ होती. जवळपास निम्मी घरं रिकामी. सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये नियंत्रकांची ४५६ जादा पदं मंजूर झाली. पण पद मंजूर होणं आणि माणूस खुर्चीवर बसणं यांत काही वर्षांचं अंतर असतं. भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेला विज्ञान पदवीधर किंवा अभियंता निवडायचा, प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या संस्थेत त्याला शिकवायचं, मग नेमणुकीच्या ठिकाणी जाणत्याच्या शेजारी बसवून तिथलं आकाश त्याच्या अंगात भिनवायचं. दुसऱ्या मनोऱ्यात बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. यंत्र मागवता येतं. नियंत्रक घडवावा लागतो.

पट्टी कोण भरतं

आता पैशाकडे येऊ. विमानाचं तिकीट काढलं की त्यावर दोन रकमा वेगळ्या छापलेल्या असतात. एक विमानतळाच्या विकासासाठी, यूडीएफ. ती विमानतळागणिक बदलते. दुसरी सुरक्षेची, देशांतर्गत प्रवाशाला एप्रिल २०२१ पासून २०० रुपये. दारावर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या जवानाचा खर्च त्यातून निघतो आणि प्रवाशाला तो दिसतो. तुमचं विमान दुसऱ्या विमानापासून लांब ठेवणाऱ्या नियंत्रकाचा खर्च मात्र तिकिटावर कुठंच नाही.

तो विमान कंपनीकडून घेतला जातो. विमान ज्या वाटेनं गेलं तिथलं अंतर आणि विमानाचं वजन यांच्या हिशोबानं एक शुल्क, त्याला आरएनएफसी म्हणतात. उतरताना मिळालेल्या मार्गदर्शनाचं दुसरं, टीएनएलसी. भारतात न उतरता आखातातून आग्नेय आशियात जाणारी विमानंही आपल्या आकाशाचं पहिलं शुल्क भरतात. आंतरराष्ट्रीय रिवाज असा की वापरणाऱ्यानं पैसे द्यावेत आणि ते त्या सेवेवर खर्च व्हावेत. १९४४ च्या शिकागो कराराच्या पंधराव्या कलमानुसार निव्वळ आकाश ओलांडण्याच्या हक्काबद्दल कुणाकडून काही घेता येत नाही. घ्यायचं ते दिलेल्या सेवेचं. म्हणजे ही पाणीपट्टीच आहे. पाण्याच्या मालकीची नाही, पाणी पोचवण्याची.

अडचण इथंच सुरू होते. वापरणाऱ्यानं भरावं हे तत्त्व मुंबईत चालतं, कारण तिथं भरणारे हजारो. बारामतीत भरणार कोण? सेसनाचं वजन ते किती आणि तिचं शुल्क ते किती! एका मनोऱ्यात एक खुर्ची दिवसभर भरलेली ठेवायची तर सुट्ट्या, आजारपण, विश्रांती धरून चार-पाच माणसं लागतात. तेवढ्या पगाराइतकी वसुली या धावपट्टीवरून कधीच होणार नाही. वसुली नाही म्हणून मनोरा नाही, असा सरळ हिशोब मांडला की विषय संपतो.

पण हा हिशोब आपण इतर ठिकाणी मांडत नाही. वीस हजेरीच्या वाडीवरल्या शाळेतल्या गुरुजींचा पगार त्या वाडीच्या घरपट्टीतून निघत नाही. हवाई क्षेत्रातही सरकारनं हे मान्य केलं आहे. ‘उडान’ योजनेत लहान शहरांच्या फेऱ्यांना उतरण्याचं टीएनएलसी माफ आहे आणि वाटेचं शुल्क नेहमीच्या ४२.५ टक्केच. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना विमानतळाचं उतरणावळ शुल्क नाही. आणि या योजनेचा निधी उभा राहतो तो मोठ्या मार्गांवरच्या फेऱ्यांवर बसवलेल्या आकारणीतून. थोरल्यानं धाकट्याला हात द्यायचा हे तत्त्व आपण प्रवाशांसाठी स्वीकारलं. वैमानिक ज्या धावपट्टीवर घडतात तिच्यासाठी ते स्वीकारायला काय हरकत आहे? मुंबई-दिल्लीचं जेट चालवणारा उद्या इथूनच येणार आहे. त्याच्या शिक्षणाच्या सुरक्षेत त्या जेटच्या मालकाचाही वाटा असायला हवा.

जगानं मोजलेली किंमत

नियंत्रकांच्या खर्चात काटकसर केली तर बिल कुठून येतं, हे जगानं पाहिलं आहे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवर युबरलिंगनच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली. ७१ माणसं गेली, त्यांतली बहुतेक रशियातल्या उफाहून सुट्टीला निघालेली मुलं. झुरिकच्या नियंत्रण कक्षात त्या रात्री दोघांची ड्युटी होती. एक विश्रांतीला गेला होता, तशी तिथली वहिवाटच पडली होती. दुरुस्तीमुळे रडार आणि फोन अर्धवट चालत होते. उरलेला एकटा माणूस दोन पडद्यांवर धावत होता. स्विस न्यायालयानं २००७ मध्ये त्या कक्ष चालवणाऱ्या संस्थेच्या चार व्यवस्थापकांना दोषी ठरवलं. रात्री एकाच माणसावर भार टाकणारी व्यवस्थाच गुन्हेगार ठरली.

अमेरिकेत ऑगस्ट १९८१ मध्ये सुमारे तेरा हजार नियंत्रक संपावर गेले. पगाराबरोबर त्यांना कामाचे तास कमी हवे होते. रेगन सरकारनं अकरा हजारांहून अधिक जणांना काढून टाकलं आणि ती पोकळी भरायला पुढची कित्येक वर्षं गेली. त्याच देशात डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात सरकारी तिजोरीचं कुलूप ३५ दिवस बंद राहिलं आणि नियंत्रक बिनपगारी राबले. २५ जानेवारीला दोन केंद्रांत थोडेसे नियंत्रक कामावर आले नाहीत, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाकडे येणारी विमानं थांबवावी लागली आणि त्याच दिवशी कुलूप उघडलं. कॅनडानं १९९६ मध्ये वेगळी वाट धरली. हवाई नियंत्रण एका ना-नफा संस्थेकडे दिलं. शुल्क जमा होतं ते तिथंच राहतं आणि माणसांवर, यंत्रांवर खर्च होतं. कुठल्या अर्थसंकल्पाची वाट बघावी लागत नाही. प्रत्येक देशाची घडी वेगळी, जशीच्या तशी उचलून आणता येत नाही. पण या कामासाठी गोळा झालेला पैसा या कामालाच लागावा, एवढं तरी त्यातून घेता येईल.

आपल्या देशालाही हा धडा नवा नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर झाली, ३४९ जण मेले. त्यानंतर दिल्लीत येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. शहाणपण आलं, पण ३४९ माणसांनंतर.

या मातीचं देणं

कळसपासून जवळच निरेकाठी वालचंदनगर आहे. ज्यांच्या नावानं ते वसलं त्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा देशातला विमान कारखाना सुरू केला. ज्या माणसानं या तालुक्यात ऊस पिकवून साखर केली, त्यानंच विमानाचं स्वप्न पाहिलं. त्याच तालुक्याच्या डोक्यावरून आज नवे वैमानिक उडतात. मग या मुलखाला आकाशाबद्दल मागणं मागायचा हक्क नाही असं कोण म्हणेल?

मागणं मोठं नाही. ज्या धावपट्टीवर एकाहून अधिक संस्था शिकवतात आणि जेटही उतरतात, तिथं विमानं उडण्याच्या वेळात परवानाधारक नियंत्रक असलाच पाहिजे. त्याचा पगार देशभर गोळा होणाऱ्या शुल्काच्या एकत्रित निधीतून व्हावा, त्या धावपट्टीच्या गल्ल्यातून नाही. कामाच्या तासांच्या नियमाला सूट देणं बंद व्हावं आणि कुठल्या मनोऱ्यात किती पदं रिकामी आहेत याचा तक्ता दरवर्षी लोकांसमोर यावा. आणि बारामती, इंदापूर, अकलूजच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र आणि गणित शिकणाऱ्या मुलामुलींना त्यांच्या शिक्षकांनी सांगावं, की गोंदियाला शिकून आकाशाचा पाटकरी होता येतं. विमानात न बसलेल्या घरातल्या पोरीलाही होता येतं.

दिवाळी पाडव्याला रुईला बाबीर देवाची यात्रा भरेल. माळावर माणूस मावणार नाही. गजीचे ढोल थांबतील तेव्हा वरून तो ओळखीचा आवाज येईल. वर बघाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या. त्या विमानात विशी-बाविशीचं एक लेकरू कदाचित पहिल्यांदाच एकटं असेल, कानाला रेडिओ लावून. त्या रेडिओच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस हवा. शिकलेला, पगारी, आणि पुरती झोप झालेला.